अव्वाचा पत्ता

'अव्वाच्या सव्वा' या जोडीतला सव्वा आपल्याला जागोजागी भेटतो. अव्वा मात्र कधी एकटा दिसत नाही. "मावशी, मेथी अव्वानं लावा," असं कुणी भाजीवालीला म्हणत नाही, की "आज टोमॅटो चक्क अव्वानं मिळाले," असं सांगत कुणी घरी येत नाही. माझा आपला समज असा, की अव्वा म्हणजे वाजवी भाव. तो बाजारात कुणाला दिसलेलाच नाही, म्हणून त्याला स्वतंत्र वाक्यात काम मिळत नसावं.

बरं, सव्वा तरी किती? एकावर पाव. शंभराचे सव्वाशे. एवढ्यावर आपलं डोकं फिरतं. आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ केलेली, त्यामुळे त्यांना आपल्यावर झालेला अन्याय दुकानाच्या पायरीवरच पैशापर्यंत काढता यायचा. आम्हाला मोबाइल उघडावा लागतो, आणि तो उघडेपर्यंत दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

एरवी हाच सव्वा आपल्याकडे मोठ्या मानाचा. सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा सव्वाच्या मापानं घ्यायचा, साखर-तूपही तसंच. माणूस इतरांपेक्षा पावपट सरस निघाला की तो सवाई. 1774 साली जन्मलेला पेशवा सवाई माधवराव झाला, कुंदगोळचे रामभाऊ सवाई गंधर्व झाले आणि त्यांच्या नावानं भीमसेनांनी 1953 साली पुण्यात महोत्सवच सुरू केला. गवई सव्वापट झाला तर आपण थंडीत सतरंजीवर बसून दाद देतो आणि बिल सव्वापट झालं तर मॅनेजरला बोलावतो.

सव्वाचं नाव खराब करण्यात सावकाराचाही हात असणार. पेरणीला मणभर धान्य द्यायचं आणि सुगीला सव्वा मण मोजून घ्यायचं, ही सवाई. दीड मण घेतलं की दिढी. व्याज मुदलापेक्षा जास्त वसूल करू नये असा दामदुपटीचा जुना नियम होता. पण व्याज मुदलात घालून नवा कागद केला की मुदलच वाढतं, हे सावकाराला शिकवावं लागत नव्हतं. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात भर बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद आणि वह्या काढून जाळल्या, दंगा गावोगाव पसरला आणि चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आपण आता भाव खटकला की ॲपवर एक तारा देऊन मोकळे होतो.

महाग आणि अव्वाच्या सव्वा यांत मात्र गफलत करू नये. पाऊस लांबला की कांदा महाग होतो. त्यात कांद्याचा दोष नाही, विकणारीचाही नाही. अव्वाच्या सव्वाला समोर माणूसच लागतो, आणि तुम्ही अडलात हे त्या माणसाला कळलेलं असावं लागतं. रात्री दहाला मोरी तुंबते, पाहुणे उतरलेले असतात, तेव्हा नळवाला दारात उभा राहून मोरीकडे नव्हे, तुमच्या चेहऱ्याकडे बघून आकडा सांगतो. तो आकडा म्हणजे अव्वाच्या सव्वा. सकाळी अकराला तीच मोरी त्यानं निम्म्यात मोकळी केली असती, पण सकाळी अकराला मोऱ्या तुंबत नाहीत.

सिनेमागृहातल्या लाह्यांचंही तेच. बाहेर मूठभर मक्याला कुणी विचारत नाही. आत दिवे मालवले की त्याला सोन्याचा भाव येतो. 2018 साली यावरून महाराष्ट्रात आंदोलनं झाली, विधिमंडळात चर्चा झाली, घरचा डबा आत नेता येणार म्हणून आमच्या सोसायटीत थालीपिठांचे बेत ठरले. पुढे जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाहेरचे पदार्थ आत न्यायचे की नाहीत हे ठरवायचा हक्क मालकालाच दिला. कुणी जिलबी आणली आणि बोटं खुर्चीला पुसली तर साफ कोण करणार, अशी शंका सरन्यायाधीशांनी सुनावणीत काढली होती. शंका बिनतोड आहे. आमच्या आत्याला बघितलेल्या कुणालाही ती सुचली असती.

या आत्याचा अव्वा फार जुना आहे. तिच्या तरुणपणी, 1970 च्या सुमारास, दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आत मिळायचं. तिचा वाजवी भाव तिथंच थांबला आहे. त्यानंतर जगात जे जे विकलं गेलं ते सगळं अव्वाच्या सव्वा. साबण, रिक्षा, दाताची कवळी, सगळं. "एवढ्यात आमचं लग्न झालं होतं!" हे तिचं चलन. त्यात लग्नाला किती खर्च आला होता, हे मात्र वस्तूप्रमाणे बदलतं.

पण हीच आत्या मोसमाची पहिली हापूसची पेटी आणते, तेव्हा ऐकावं. "अव्वाच्या सव्वा भाव लावलाय मेल्यानं!" असं ती जिन्यापासून ओरडत येते, म्हणजे तीन मजल्यांना पेटी आल्याचं कळतं. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तसा तिच्या तक्रारीत थोडा अभिमानही आला. पूर्वी बाजारात आंब्याचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे, आजूबाजूच्यांना भाव कळू नये म्हणून. आत्याला ही पद्धत अजिबात पटली नसती. इतका भाव द्यायचा, आणि कुणाला कळू द्यायचा नाही?

स्वतः विकताना हा शब्द कुणाच्याच तोंडी येत नाही. तेव्हा 'चालू रेट' असतो, 'मार्केट' असतं, 'मेंटेन केलेला' असतो. आत्यानं परवा जुना कूलर विकायला काढला. भंगारवाला आला, त्यानं कूलर दोन बाजूंनी वाजवून पाहिला आणि किंमत विचारली. आत्यानं सांगितली. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, वर बघून म्हणाला, "आजी, अव्वाच्या सव्वा मागताय."

आत्या कठड्याला धरून मिनिटभर त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नवा घे जा बाजारात, मग कळेल अव्वाच्या सव्वा काय असतं ते. आणि वजनकाटा तुझा नको हं, आमचा आणते."