आजीवन, म्हणजे कोणाचं?

शेजारच्यांनी गाडी घेतली चौदा लाखांची. आत अत्तराची कुपी, पुढे लिंबू-मिरची, मागच्या काचेवर दोन्ही मुलांची नावं. रस्ता दाखवणारं यंत्र मात्र ‘परवडणारं’ हवं. रविवारी खोकं घेऊन आले आणि त्यावरच्या सोनेरी शब्दावर बोट ठेवून म्हणाले, “काका, नकाशे आजीवन मोफत!”

मी विचारलं, “जीवन कोणाचं?”

ते हसले. मी हसलो नाही. मी त्यातून गेलोय.

या धंद्यात खरोखर फुकट जे आहे ते वर आहे. २०,२०० किलोमीटर उंचीवरून तीसेक उपग्रह दिवसातून दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा घालतात. त्यांतले चार दिसले की तुम्ही कुठे उभे आहात ते यंत्राला कळतं. त्याचं बिल कोणी पाठवत नाही. पण तुम्ही उभे आहात तिथे रस्ता आहे की विहीर, हे नकाशा सांगतो. आणि नकाशा शिळा होतो, भाकरीपेक्षा जरा सावकाश, एवढंच.

आता तो शब्द. आजीवन कारावासात जीवन कैद्याचं धरतात, त्यात कोणाला शंका नसते. आजीवन वर्गणीदाराच्या बाबतीत निदान पैसे घेताना तरी वर्गणीदाराचं धरतात. मी एका मासिकाचा आजीवन वर्गणीदार झालो होतो. तिसऱ्या वर्षी मासिक वारलं. मी अजून आहे. त्या अनुभवाने शहाणा होऊन २०१७ साली मीही असंच यंत्र घेतलं तेव्हा खोक्याच्या तळाची मुंगीएवढी अक्षरं भिंग लावून वाचली. अर्थात पैसे देऊन घरी आल्यावर. तिथे खुलासा होता : आजीवन म्हणजे यंत्राचं ‘उपयुक्त आयुष्य’ असेतोवर, आणि कंपनीला नकाशे मिळत राहतील तोवर. उपयुक्त आहे की नाही, हे ठरवणार कंपनी. म्हणजे पेशंट आमचा, नाडी आमच्या हातात, आणि ‘गेले’ म्हणून सांगणारा डॉक्टर त्यांचा.

२०२१ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, गेले. पुढे समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, डिसेंबर २०२२ मध्ये. सौभाग्यवतींना साईबाबांचं दर्शन हवं होतं, मला रस्ता बघायचा होता. गाडी ताशी ११०ने सिमेंटवर पळतेय आणि पडद्यावर मात्र मी वर्ध्यात कोणाच्या तरी कपाशीत शिरलोय. यंत्रातली बाई शांतपणे म्हणते, “जवळच्या रस्त्यावर या.” अहो बाई, रस्त्यावरच आहे! वाशीमला सोयाबीन तुडवलं. बाई म्हणाली, जवळच्या रस्त्यावर या. एका ओढ्यातून सहा चाकी ट्रकला मागे टाकलं. वैजापूरला कांद्याच्या वाफ्यांतून सरळ रेषेत गेलो. सौभाग्यवती मागच्या सीटवरून म्हणाल्या, “ती इतकं सांगतेय तर एकदा ऐका तिचं.” शिर्डीला पोचेपर्यंत मी पाच-सहा जिल्ह्यांच्या पिकाची नासाडी केली होती आणि पंचनाम्याला तलाठी कसा आला नाही याचंच नवल वाटत होतं. आणि यंत्राला झालंय काय? काही नाही! पडदा शाबूत, आवाज खणखणीत, वरचे उपग्रह अजून ओळख देतात. धडधाकट वस्तूला मेलेली ठरवायची, सुतक आम्ही पाळायचं आणि वर नवी घ्यायची, ‘आजीवन’ लिहिलेलीच! वडिलांचं मनगटी घड्याळ चावी दिली की आजही चालतं. त्याच्या डबीवर नुसतं ‘घड्याळ’ लिहिलंय.

शेजाऱ्यांना म्हटलं, स्वस्तच हवं तर ते तुमच्या खिशात आहे. फोनमधलं जीपीएस इंटरनेटशिवायही चालतं. फक्त निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्या. गडावर जाणाऱ्या पोरांची गोष्ट वेगळी. हरिश्चंद्रगडाच्या पावसात ओल्या बोटाला फोन दाद देत नाही आणि रात्री चार्जर लावायला गुहेत प्लग नसतो. तिथे बटणांचं, पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र पैसे वसूल करतं. पण खोक्यावर ‘आजीवन’ शोधू नका. सेल कोणते लागतात आणि पाणी किती सोसतं, ते वाचा.

ते खोकं घेऊन गेले. परत करायला नव्हे, काचेवर बसवायला.

मी दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. खुर्चीत बसलेला माणूस जिवंत आहे, हे तिथे कागदावर सिद्ध करावं लागतं. यंदा पिशवीत यंत्रही नेणार आहे. खिडकीतल्या मुलीला म्हणेन, “बाळ, याचाही एक दाखला दे. बटण दाब, लगेच बोलेल. काय बोलेल ते मात्र मनावर घेऊ नकोस.”