विषयांकित जलवाहनाबाबत

चहा घ्या. सांगायला वेळ लागणार आहे, आणि तुम्ही मधेच उठलात तर माझी बाजू अर्धवट राहील. घरात ती अर्धवटच ऐकली जाते.

मिशिगनमध्ये राहणाऱ्या माणसावर पहिला अन्याय भूगोल करतो. या राज्यात ११,००० हून जास्त तळी आहेत. गाडी कुठल्याही दिशेला हाका, अर्ध्या तासात पाणी लागतं, आणि त्या पाण्यावर कुणीतरी आजोबा नातवंडांना मागे बसवून जेट स्की उडवत असतात. आमची मुलं आधी त्यांच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. बोलत कुणीच नाही. असे तीन उन्हाळे मौनात गेल्यावर माझ्यासमोर प्रस्ताव ठेवण्यात आला : एक घेऊन टाकू, जुनी, स्वस्तात, सगळ्यांना मजा. यातलं 'जुनी' तेवढं खरं निघालं.

एक खुलासा. 'जेट स्की' हे खरं म्हणजे कावासाकीच्या मालाचं नाव. वनस्पती तुपाच्या कुठल्याही डब्याला आपण डालडा म्हणायचो, तसं ते सगळ्यांना चिकटलं. आमची कावासाकीची नाही. तिचं शासकीय नाव 'पर्सनल वॉटरक्राफ्ट', म्हणजे वैयक्तिक जलयान. त्यातल्या 'वैयक्तिक' या शब्दावर माझा आक्षेप आहे, पण तो यथावकाश नोंदवतो.

नव्या, चांगल्या, तीन आसनी यंत्राची किंमत पाच आकडी. त्यामुळे जुन्याच्या शोधात मी तीन आठवडे घालवले आणि नको तेवढा शहाणा झालो. टू-स्ट्रोक घेऊ नये, ती पेट्रोलबरोबर ऑइलही पिते. फोर-स्ट्रोक घ्यावी. समुद्रात वापरलेली शक्यतो टाळावी, मीठ आतून खातं. या वाहनाचं वय मैलांवर नाही, इंजिनाच्या तासांवर मोजतात, म्हणून आधी तासांचा मीटर बघावा. कॉम्प्रेशन तपासून घ्यावं. खाली वाकून इम्पेलरच्या पात्यांवरून बोट फिरवावं, सीट उचलून आतला वास घ्यावा. माझ्या लग्नात दोन्ही घरांनी मिळून एवढी चौकशी केली नव्हती.

शेवटी मे महिन्यात होटन लेकच्या काठावर एक निवृत्त गृहस्थ सापडले. फोर-स्ट्रोक, ९६ तास, आयुष्य गोड्या पाण्यात गेलेलं, ट्रेलरसकट ४,५०० डॉलर. गृहस्थ फार हसतमुख होते. इतक्या आनंदाने कुणी वस्तू विकत असेल तर घेणाऱ्याने घरी जाऊन एक रात्र झोपावं, हे मला आता कळतं. त्यांनी विचारलं, घरी किती जण? म्हटलं, चौघं. ते म्हणाले, "वा! ही तिघांची आहे." ते वाक्य मी स्पष्ट ऐकलं होतं. जबाबात मी ते लपवणार नाही.

परतीच्या वाटेवर मी दर थांब्याला उतरून ट्रेलरच्या चाकांचे हब हाताने चाचपत होतो, बेअरिंग तापलंय का ते बघायला. ते माणसाच्या अंगातल्या तापापेक्षा जास्त तापलं होतं.

मग कागद. मालकी नावावर करताना ६ टक्के कर, म्हणजे २७० डॉलर. नोंदणी क्रमांक दोन्ही बाजूंना, किमान तीन इंच उंचीच्या अक्षरांत, रंग उठून दिसणारा. यंत्राचं नाक मात्र असं वळणदार, की त्यावर सरळ ओळीत काही चिकटवायला सपाट जागाच नाही. आमचा क्रमांक डावीकडे चढतो आणि उजवीकडे उतरतो.

पण खरा घाव पुढे आहे. ३१ डिसेंबर १९७८ नंतर जन्मलेल्या माणसाला मिशिगनमध्ये हे वाहन चालवायला बोट-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. माझा जन्म १९७६ चा. मला लागत नाही. बायकोचा १९८० चा. तिने अभ्यास केला, परीक्षा दिली, उत्तम गुणांनी पास झाली आणि प्रमाणपत्र छापून पाकिटात ठेवलं. कायद्याने मी जन्मतः पात्र आहे. घरात मात्र पाण्याबाबत तोंड उघडलं की एकच प्रश्न येतो, "प्रमाणपत्र आहे?"

जूनमध्ये आई अलिबागहून आली. येताक्षणी गॅरेजमध्ये जाऊन तिने ट्रेलरला प्रदक्षिणा घातली आणि निर्णय दिला : नारळी पौर्णिमेच्या आधी होडी पाण्यात घालायची नसते. मी निवेदन केलं की तो नियम कोळ्यांचा आणि खवळलेल्या समुद्राचा. हे तळं. इथे पावसाळा नाही. इथला मोसम मेअखेरीस उघडतो आणि सप्टेंबरात आटोपतो, आणि नारळी पौर्णिमा येते ऑगस्टात. आई म्हणाली, "पाणी ते पाणी." अखेर तोडगा निघाला. जूनमध्ये ड्राइव्हवेवर एक अंतरिम नारळ फुटला, ट्रेलरच्या दोन चाकांखाली दोन लिंबं गेली, आणि ऑगस्टात मुख्य नारळ वाढवण्याच्या अटीवर आम्हाला ना हरकत मिळाली. नारळाच्या आवाजाने शेजारी बाहेर आले. चारच दिवसांत वसाहतीच्या समितीचं पत्र : ड्राइव्हवेवर बोट अथवा ट्रेलर उभा करता येणार नाही. नारळाबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं, पण मला सगळं कळतं.

आता प्रत्यक्ष जलप्रवेश. तुम्ही कधी ट्रेलर मागे घेतलाय? स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. शनिवारी सकाळी रॅम्पवर मागे अकरा गाड्यांची रांग असते आणि त्या अकराही चालकांना हे जन्मापासून येतं. पाण्यात गेल्यावरही तेच. गाडीला ब्रेक असतो, या यंत्राला नाही. पुढे अडथळा दिसला की माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो, आणि थ्रॉटल सोडलं की हे वळायचं बंद होतं, कारण मागून फेकलेलं पाणी हेच त्याचं सुकाणू. म्हणजे ज्यावर आपटायचं नाही, त्याच्याजवळ वेग वाढवायचा. घरी आणून इंजिन धुताना आधी इंजिन सुरू करायचं, मग नळ; थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी इंजिनात शिरतं. दर रविवारी संध्याकाळी मी नळाशी, मुलगा किल्लीशी, आणि आम्ही एकमेकांवर ओरडत असतो, "आधी तू की मी?"

आता बुचांचं प्रकरण. ते माझ्यावर विनाकारण शेकलंय, म्हणून नीट ऐका. यंत्राच्या पार्श्वभागी दोन बुचं असतात. पाण्यात घालताना ती लावायची, नाहीतर पोटात पाणी भरतं. २०१९ पासून राज्याचा कायदा असा, की रॅम्पवरून निघताना बुचं काढून सगळं पाणी सांडून द्यायचं, अंगाला लागलेलं शेवाळ-गवत काढायचं, म्हणजे एका तळ्यातले परके शिंपले आणि पाणवनस्पती दुसऱ्या तळ्यात जाणार नाहीत. उद्देश थोर आहे, माझी तक्रार नाही. पण एक शासन 'काढा' म्हणतं, दुसरं निसर्गशासन 'लावा' म्हणतं, आणि मधे बुचांचा प्रभारी म्हणून लेखी नेमणूक नसलेला मी.

जुलैतला तो दिवस. प्रमाणपत्रधारक चालक पुढे, दोन मुलं मागे, तीन आसनं भरली. काठावर मी आणि आई. दहा मिनिटांनी तळ्याच्या मध्यावरून बायकोने हात हलवला. मला भरून आलं. इतक्या महिन्यांनी कुणाला तरी माझ्या कष्टांची जाणीव झाली होती. मीही हात हलवला. तिने दोन्ही हात हलवले. मीही दोन्ही. आई म्हणाली, "अरे, ती बोलावतेय." मी खिशात हात घातला. गाडीची किल्ली लागली, लिमलेटची गोळी लागली, आणि दोन बुचं लागली.

यंत्र काठाला आलं, मागून बरंच जड होऊन. कुणाला काही झालं नाही, सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होती. चौकशी तिथेच, ओल्या टॉवेलवर बसून झाली. साक्ष आईची घेतली गेली. ठपका एकट्यावर ठेवण्यात आला. 'तुम्ही हात का हलवत होतात?' या प्रश्नाचं उत्तर मी आजतागायत दिलेलं नाही.

काठाबद्दल आणि 'वैयक्तिक' या शब्दावरच्या आक्षेपाबद्दल सांगायचंच राहिलं. आम्ही चौघं, आसनं तीन. त्यामुळे कौटुंबिक मजेचा चौथा हिस्सा कायम कोरडा असतो, आणि तो मी. टॉवेल, सनस्क्रीन, चष्मे, शंकरपाळ्यांचा डबा सांभाळत. काठावर माझ्यासारखे आणखी असतात. खांद्यावर चार-चार टॉवेल, नजर पाण्यावर. आम्ही एकमेकांना मान हलवून ओळख देतो, नावं विचारत नाही. माझ्या वाट्याला मोसमभरात चाळीस मिनिटं आली. त्यातली पंचवीस काठाजवळच्या संथ पट्ट्यात, जिथे लाट उठवायला बंदी आहे आणि शेजारून बदकं पुढे जातात. उरलेल्या पंधरांत यंत्राने गवत ओढून घेतलं आणि ते उपसायला मी पाण्यात उतरलो. सूर्यास्ताच्या तासभर आधी हे वाहन बंद करावं लागतं. माझी पाळी नेमकी त्याच सुमारास येते.

हिशेब असा. ४,५०० मूळ, २७० कर, मग गाडीला मागचा हुक, ट्रेलरचे टायर, बॅटरी, लाइफ जॅकेट, झाकण, ऑइल. एकूण ६,३०० डॉलर. मीटर ९६ वरून १०३ वर आला. सात तास. तासाला ९०० डॉलर. तारकर्लीला काही शे रुपयांत एक पोरगा पुढे बसून फेरी मारून आणतो, आणि बुचं त्याच्याकडे असतात.

नारळी पौर्णिमेला मुख्य नारळ फुटला. तीन आठवड्यांत मोसम संपला.

आता तुम्ही म्हणाल, मग संपलं की. संपत नाही. मिशिगनच्या थंडीत यंत्राच्या पोटात पाण्याचा थेंब राहिला तर तो गोठून इंजिन फोडतो. म्हणून ऑक्टोबरात त्याच्या पोटात गुलाबी अँटीफ्रीझ ओतलं. बॅटरी काढून घरात आणली, ती तळघरात चार्जरला लावून उबेत बसली आहे. बाहेर ठेवायला समितीची बंदी. गॅरेज दोन गाड्यांचं. एका जागी बायकोची गाडी, तिच्यापाशी प्रमाणपत्र आहे. दुसऱ्या जागी ट्रेलर. माझी गाडी बाहेर.

जानेवारीतली एक सकाळ. उणे अठरा. मी टोपीवर टोपी घालून काचेवरचं बर्फ खरवडत होतो, मिशा पांढऱ्या झालेल्या. अलिबागहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने बराच वेळ निरखून पाहिलं.

"केवढी रे थंडी तिकडे," ती म्हणाली. "त्या पाण्यातल्या गाडीवर पांघरूण घातलंयस ना नीट?"

मी गॅरेजचं दार उघडून कॅमेरा आत वळवला. आईने झाकणाच्या चारही कडा पाहून घेतल्या.

"हां, मग ठीक आहे. दार लाव आता लवकर. वारं जातंय आत."