बनी तो बनी, नहीं तो अपडेट

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आम्ही जगाला दिली की जगाने आम्हाला चिकटवली, यावर आमच्यात अजून एकमत नाही. तिचा खरा वापर मात्र मोबाइल कंपन्याच करतात. फोन नीट बनला तर बनला. नाही बनला तर अपडेट आहेच.

माझ्या नव्या फोनचा आजार गालाचा आहे. कानाला लावला की स्क्रीन विझायला हवी. ती विझत नाही. त्यामुळे बोलतो मी आणि फोन चालवतो माझा गाल. या गालाने व्याह्यांचा फोन ऐन मानपानाच्या बोलण्यात कापलाय. साध्या कॉलचा व्हिडिओ कॉल करून गंगाखेडच्या साडूंना माझ्या कानाचं अंतरंग दाखवलंय. ते अजून माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

दुकानदाराने फोन हातात न घेताच निदान केलं. “टेन्शन कामून घ्यायलाव सर? अपडेट येणारे. टाकलं की ओके होऊन जाते.” नांदेडच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोरानेही हाच मंत्र दिला, फक्त टाय लावून.

यथावकाश अपडेट आलं. आयकॉनचे कोपरे गोल झाले, नवे इमोजी आले, सुरक्षा वाढली म्हणे. माझ्या गालापासून मात्र वाढली नाही. पुन्हा दुकानात गेलो, तर तोच माणूस दुःखी चेहऱ्याने म्हणाला, “बदलून पायजे होता तर सात दिवसांत यायचं ना सर!” त्या सात दिवसांत मी त्याच्याच सांगण्यावरून अपडेटची वाट बघत होतो.

तरी अपडेटवर सरसकट अन्याय नको. फोनच्या वरच्या कडेला एक बारीकसा सेन्सर असतो. तो डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडतो आणि तो गालावर आपटून परत आला की स्क्रीन विझवतो. हा सेन्सर वाकडा बसला असेल, तर जगातलं कुठलंही अपडेट त्याला सरळ करणार नाही. पण काही फोनांत तो बसवलेलाच नसतो. 2016 सालच्या शाओमीच्या मी मिक्समध्ये ते काम कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आणि सॉफ्टवेअर मिळून करत. जो भाग नाहीच, तो बिघडणार कसा? चुकतो तो फक्त अंदाज, आणि चुकलेला अंदाज अपडेटने खरोखर सुधारू शकतो. 2023 साली आयफोन 15 प्रो तापायला लागला, तेव्हा दोष बऱ्याच अंशी सॉफ्टवेअरमध्येच निघाला आणि अपडेटने ताप उतरला. परभणीत मे महिन्यात तापणाऱ्या फोनाचं अपडेट मात्र मृगातच येतं.

भाग असून बिघडलेला असेल, तर थोरामोठ्यांचीही अशीच फजिती होते. 2010 चा आयफोन 4 विशिष्ट पद्धतीने धरला की सिग्नल पडायचा, कारण त्याचा अँटेना कडेच्या धातूच्या पट्टीतच होता. कंपनी म्हणाली, आमचं दांड्या मोजायचं सूत्रच चुकलं होतं, आम्ही उगाच जास्त दांड्या दाखवत होतो. अपडेट आलं, दांड्या खरं बोलू लागल्या, अँटेना होता तिथेच राहिला. शेवटी गिऱ्हाइकांना कव्हरं फुकट वाटावी लागली. 2016 साली सॅमसंगच्या नोट 7 च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा काही देशांत अपडेट पाठवून चार्जिंग 60 टक्क्यांवर रोखलं गेलं. बॅटरी काही त्याने सुधारली नाही. ते मॉडेलच बंद करावं लागलं.

हे आम्हा परभणीकरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. भेंडीवर हळद्या पडला की पानांच्या शिरा पिवळ्या होतात. फवारणीने या रोगाचा विषाणू पसरवणारी पांढरी माशी मरते, पण झाडात शिरलेला विषाणू जात नाही. म्हणून आमच्या कृषी विद्यापीठाने फवाऱ्यावर भिस्त न ठेवता ‘पुसा सावनी’चा रानभेंडीशी संकर केला आणि हळद्याला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ वाण काढला. खोट वाणात असेल तर वाणच बदलावा लागतो. ज्या गावाने भेंडीच्या बाबतीत हे केलं, त्या गावात मी मोबाइलवर फवारे मारत बसलोय!

आणि फवारे तरी किती दिवस मारायचे? अपडेटला तारीख नसते, वॉरंटीला असते. ‘पुढच्या अपडेटमध्ये होईल’ हे वाक्य एका बाजूने आशा दाखवतं आणि दुसऱ्या बाजूने वॉरंटी खातं. म्हणून आता मी तोंडी आश्वासन घेत नाही, तक्रारीची लेखी जॉबशीट मागतो. जॉबशीट म्हणताच टायवाल्या पोराचा आवाज एकदम मऊ झाला.

परवा हिंमत करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर लावला. घसा खाकरला, “माझ्या फोनची स्क्रीन...” इथवर आलो आणि गालाने कॉल कापला. आरोपीच साक्षीदाराचं तोंड दाबतो म्हटल्यावर काय करणार? तक्रार आता लेखी देतोय. त्यात गालाला मध्ये तोंड घालायला जागा नाही.