दंतोपंत

मूळ नाव दत्तोपंत. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यावर अनुस्वार कुणी दिला ते कळायला मार्ग नाही, पण बसला चपखल. बोलताना हा गृहस्थ तुमच्या डोळ्यांत बघत नाही, ओठांच्या आत बघतो. जन्म बँकेच्या कॅश काउंटरवर गेला; संशयित नोट उजेडाकडे धरायची ती नजर निवृत्तीनंतर रिकामी कशी बसणार? “तुमचा वरचा सुळा चहाने गेलाय,” हे ते भरल्या लिफ्टमध्ये सांगतात, आणि चौथा मजला येईपर्यंत उपायही सांगून होतो.

उपाय अर्थातच घरगुती. डेंटिस्टकडे जाणं म्हणजे पैसे देऊन तोंड उघडणं, ते तर आपण फुकटही उघडतो, असा त्यांचा हिशेब. सैंधव आणि मोहरीचं तेल झालं, केळ्याची साल झाली, हळद झाली (वहिनींचे दोन नॅपकीन त्यात कामी आले), महाबळेश्वरहून आणलेली स्ट्रॉबेरी नातवंडांच्या आधी आजोबांच्या दातांना लागली. मुक्काम मात्र लिंबू आणि खायच्या सोड्यावर. तोंडात फेस आला की त्यांना विज्ञान घडल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी डेंटिस्ट आहे. तिने बिचारीने जिन्यात गाठून समजावलं, “काका, लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. साडेपाचाच्या खाली गेलं की इनॅमल विरघळायला लागतं आणि ते पुन्हा उगवत नाही. आतलं डेंटिन मुळातच पिवळं. तुम्ही वरचा चुना खरवडून आतली वीट दाखवताय.”

“आमच्या आजीने जन्मभर राखुंडी लावली,” दंतोपंत म्हणाले, “नव्वदाव्या वर्षी ऊस सोलून खायची.”

ही ऊस सोलणारी आजी प्रत्येक दंतोपंताच्या घराण्यात असते. तिच्यापुढे कुठलीही पदवी चालत नाही.

इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. म्हणजे सोयीचा तेवढा. चरकाने कडू, तिखट, तुरट काडीने दिवसातून दोनदा दात घासायला सांगितलं, आणि साहेब १९३८ साली नायलॉनचा ब्रश येईपर्यंत डुकराचे केस तोंडात घालत होता, हे ते अशा थाटात सांगतात की नायलॉन डोंबिवलीतूनच गेलं असावं. रोमन काळातल्या स्पेनमधले लोक मूत्राने दात घासत आणि त्यावरून कॅटलस या कवीने एग्नेशियस नावाच्या सदाहसऱ्या माणसाची टर उडवली, हा किस्सा त्यांनी एका बारशात, जिलबी पानात पडत असताना सांगितला. तेव्हापासून ते बाथरूममध्ये जरा जास्त रेंगाळले की वहिनी बाहेरून हाक मारतात.

मी एकदा विचारलं, “आणि दातवण?” हिरडा, हिराकस घातलेली ती पूड लावून आपल्याच पणज्या दात मुद्दाम काळे करत. काळे दात हे सौभाग्याचं आणि सौंदर्याचं लक्षण होतं. जपानातही तीच रीत होती. १८७० साली सरकारने तिथल्या उमरावांना बंदी घालेपर्यंत. पांढऱ्याशुभ्र दातांचं हे वेड त्यामानाने कालपरवाचंच. हा विषय निघाला की दंतोपंत चष्मा पुसायला घेतात.

प्रगती मोजायची त्यांची रीत मला फार आवडते. डेंटिस्टकडे सोळा छटांची पट्टी असते. यांच्याकडे इमारत रंगवताना उरलेलं रंगाचं शेडकार्ड आहे. सकाळी दहाच्या उन्हात बाल्कनीत एका हातात आरसा, दुसऱ्या हातात कार्ड. “आयव्हरीवरून ऑफ व्हाइटवर आलोय,” अशी बातमी पेपरवाल्यालाही मिळते.

मुलाचं लग्न ठरलं आणि ऑफ व्हाइट कमी पडायला लागलं. फोटोग्राफर म्हणे दातही टिपतो. शेवटी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. तिने दातांचे साचे घेऊन पारदर्शक ट्रे बनवले आणि दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल दिलं. हे रात्री लावून झोपायचं, १९८९पासूनची रुळलेली पद्धत आहे, जेलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया सुटतो, वगैरे ती सांगत होती. दंतोपंत खुर्चीतच उठून बसले.

“युरिया? म्हणजे रोमन बरोबर होते!”

मग त्यांनी एका शब्दाची घासाघीस न करता पैसे दिले. रात्रभर तोंडात ट्रे, त्यामुळे दहानंतर बोलणं बंद. वहिनी म्हणतात, संसारातले सगळ्यात सुखाचे दिवस. आणि दात खरोखर उजळले. फक्त समोरचा एक सोडून. तिथे पंधरा वर्षांपूर्वी बसवलेली कॅप होती, तेव्हाच्या पिवळ्या शेजाऱ्यांशी रंग जुळवून घेतलेली. जेल कॅपवर चालत नाही, हे त्या मुलीने आधीच सांगितलं होतं. पण तेव्हा दंतोपंत रोममध्ये होते.

नव्या कॅपची किंमत ऐकून ते खाली आले. लग्नाला अजून वेळ आहे. सध्या दिवसाला सात कप चहा, कडक, आणि प्रत्येक घोट गिळण्यापूर्वी नीट सगळीकडे फिरवून. कॅप वर येत नाही ना, मग बाकीच्यांना खाली आणायचं. बाल्कनीत शेडकार्ड आता उलट्या बाजूने वाचलं जातंय.