पगार दाखवा, बायको न्या

रत्नागिरीकडच्या बऱ्यापैकी घरातल्या लग्नात आठशे पान सहज उठतं. एवढ्या लोकांनी अक्षता टाकल्या किंवा काझींनी भरल्या मांडवात निकाह लावला, की आपल्या लेखी विषय संपला. कुवेत सरकारचा संपत नाही. त्यांनाही आकडा आठशेचाच लागतो, फक्त दिनारमध्ये. बंद ठेवलेला कौटुंबिक व्हिसा त्यांनी जानेवारी 2024 मध्ये पुन्हा सुरू केला, तेव्हा महिना किमान 800 दिनार पगाराची अट घातली. म्हणजे आपले दोन लाखांहून जास्त. तेवढे मिळत असते तर आमचा माणूस ड्रायव्हर म्हणून तिकडे गेलाच नसता, गावात आंब्याची बाग घेऊन गडगा घालत बसला असता.

दुबईवाले त्या मानाने दिलदार. 4000 दिरहम पगार, किंवा 3000 आणि वर कंपनीची खोली, की बायकोचा निवासी परवाना निघू शकतो. पण कंपनीची खोली म्हणजे सहा खाटा आणि एक फ्रिज. तिथे संसार मांडायचा तर आधी पाच जणांना बाहेर काढायला हवं.

मग दापोली-खेडपासून राजापूरपर्यंत जे चालत आलंय तेच चालतं. नवरा आखातात, बायको वाडीत. दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा धरली तर तीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको एका छपराखाली किती? अडीच वर्षं. उरलेली साडेसत्तावीस वर्षं नवरा फोनवर.

युरोपात सगळं माणुसकीने होत असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने ब्रिटनचा भाव विचारावा. तिथे स्थायिक झालेल्या माणसाला जोडीदार आणायचा तर वर्षाची कमाई किमान 18,600 पौंड लागायची. 11 एप्रिल 2024 पासून ती 29,000 झाली. एका रात्रीत एवढी उडी सोन्यानेही कधी घेतली नसेल. त्याच्या महिनाभर आधी आणखी एक नियम आला : वृद्धांची सेवा करायला केअर वर्कर म्हणून येणाऱ्यांनी नवरा-बायको-मुलं सोबत आणायची नाहीत. म्हणजे त्यांचं तेव्हाचं म्हणणं असं : आमच्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायला या, तुमची माणसं तुमच्या घरी ठेवा.

जर्मनीची तऱ्हा आणखी मजेची. तिकडे नोकरी करणाऱ्या नवऱ्याकडे जायचं तर 2022 पर्यंत साधारणपणे बायकोला आधी जर्मन भाषेची ए-वन परीक्षा द्यावी लागायची. मुलगी रत्नागिरीतून मुंबई-पुण्याला क्लासला जायची, नाहीतर मोबाइलवर शिकायची आणि नारळ खोवता खोवता क्रियापदं घोकायची. पण नवऱ्याकडे ब्लू कार्ड असलं, म्हणजे पदवी मोठी आणि पगारही मोठा, तर बायकोला तेव्हाही परीक्षा माफ! पगार भक्कम असला की तिने तोंड उघडलं नाही तरी चालायचं.

आज पगाराची अट घालणारं हेच इंग्रज सरकार पूर्वी केवढं उदार होतं, ते पाहायला रत्नागिरीकराला लांब जावं लागत नाही. 1885 मध्ये त्यांनी ब्रह्मदेशचा राजा थिबाला गादीवरून खाली ओढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. सोबत राणी सुपायालत, आणि तिची धाकटी बहीण, तीही राणीच. नवरा एक, बायका दोन, अर्ज शून्य. पगाराचा दाखला कोणी मागितला नाही, उलट सरकारच तनखा मोजत होतं. 1910 मध्ये तर राजवाडा बांधून दिला. आज तोच थिबा लंडनला निघाला तर एक राणी विमानतळावर अडकेल, कारण एका नवऱ्यामागे दुसऱ्या बायकोला तिथले नियम येऊ देत नाहीत. (त्याआधी 1858 मध्ये दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याची, बेगम झीनत महलसह, ब्रह्मदेशात रंगूनला अशीच तत्पर रवानगी झाली होती. जोडप्यांची अदलाबदल म्हणा.) थिबाचा रत्नागिरीतला परवाना इतका पक्का होता की परत जायची सोयच नव्हती. 1916 मध्ये राजा इथेच वारला. राणीला मायदेशी जायला 1919 उजाडलं.

आताच्या जोडप्यांना राजवाडा नको, एक कागद हवा. 1998 च्या राज्य कायद्याप्रमाणे गावात विवाहाची नोंद करतो ग्रामसेवक, म्हणजे हल्लीचा ग्रामपंचायत अधिकारी. तीन साक्षीदार नेले की दाखला मिळतो. त्यावर मुंबईत राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आखातातल्या काही देशांसाठी वर त्यांच्या वकिलातीचाही. शेवटी दाखल्यावर लग्न कमी आणि शाई जास्त दिसते.

एवढं करून कॅनडासारखा देश विचारतो, तुमची पहिली भेट कधी झाली, ती कोणी घडवली? खरं उत्तर असं : मामांनी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, कांदेपोह्यांवर, वीस मिनिटं, घरातल्या अकरा माणसांदेखत. आणि लग्न? त्याच मेच्या शेवटच्या आठवड्यात, कारण पुढे पाऊस. तिकडचा साहेब हे वाचून भुवई उंचावतो. वर्षानुवर्षं एकत्र फिरून, भांडून, मग लग्नाचा विचार करणारी माणसं ती. आमच्याकडे भांडण लग्नानंतरसाठी राखून ठेवतात, हे त्याला कोण सांगणार?

जर्मन वकिलातीला कागदाची शंका आली तर ती चौकशीला माणूस थेट गावात पाठवू शकते. सगळं लग्न मग त्या एका माणसावर. तो रस्ता चुकून चुलत्याच्या पडवीत जाऊन बसला, आणि त्या घराशी कलमांच्या वाटणीवरून बोलणं बंद असलं, तर वकिलातीला जाणारं उत्तर ठरलेलं :

“लग्न? झालं असेल हो. आम्हाला बोलावणं नव्हतं.”