प्रेमशौर्य, परतीच्या तिकिटासह

आमच्या विमा कार्यालयातून माणूस लवकर निघतो तो दोनच कारणांनी: घरी कुणी आजारी असलं तर, किंवा कुणी आजारी आहे असं सांगितलं तर. त्या शुक्रवारी मी तिसऱ्याच कारणाने निघालो. खतावणी जुळवता जुळवता एकदम वाटलं, आयुष्यात प्रेम हवं, साहस हवं. मनालीला जाण्याइतके पैसे नव्हते आणि गोव्याला जाण्याइतकी रजा नव्हती, म्हणून सुरत.

"सुरत लुटून ये!" हा विनोद शिपायापासून साहेबांपर्यंत प्रत्येकाने स्वतःचा म्हणून केला. महाराज १६६४ आणि १६७० असे दोनदा सुरतेवर गेले. पण त्यांच्या हातात निघताना कुणी साड्यांची यादी दिली नसावी. माझ्या हातात ताईने दिली.

गाडीही मी नाव बघून निवडली: फ्लाइंग राणी. शेजारी एक प्रसन्न चेहऱ्याच्या बाई. विरार मागे पडल्यावर त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पास कुठपर्यंतचा?"

"पास नाही. जरा साहसाला निघालोय."

"बरं," असं म्हणून त्यांनी मटार सोलायला घेतले. डबाभर माझ्यासारखेच कारकून होते. मुंबईत सह्या करून रोज वापी-वलसाडला घरी जाणारे. माझं साहस त्यांच्या पासात बसत होतं.

सकाळी रिक्षावाल्यासाठी मी घोकून ठेवलेलं गुजराती वाक्य काढणार, तोच तो म्हणाला, "कथा जावानं शे, भाऊ?" लिंबायत-उधन्याकडे खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं नांदतात, त्यांतलाच हा. म्हटलं, "दादा, डोळे दिपतील असं काही दाखवा." त्याने अभिमानाने खजोदला नेऊन सुरत डायमंड बोर्ससमोर उभं केलं. नऊ मनोरे, प्रत्येकी पंधरा मजले, साडेचार हजारांवर कार्यालयं! २०२३ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा पेंटागॉनलाही मागे टाकणारी इमारत. एका ऑफिसातून पळालो होतो. पुढ्यात साडेचार हजार उभी राहिली.

तिथून महिधरपुऱ्यात. इथे हिऱ्यांचा बाजार भर रस्त्यात. स्कूटरच्या सीटवर पांढऱ्या कागदाची पुडी उलगडायची, चिमट्याने खडा उचलायचा, भिंग डोळ्याला लावायचं. मी कुतूहलाने वाकलो, तर दलाल ओरडला, "भाई, छींक ना खाता!" आणि नेमकं तेव्हाच माझं नाक हुळहुळलं. कुणाच्या तरी लाखोंच्या मालावर ओणवा होऊन मी शिंक गिळली. माझ्या आयुष्यातलं आजवरचं शौर्य एवढंच.

खरा शूर भेटला आमलीरानमध्ये. तिथे कवी नर्मदचं घर आहे. जन्म १८३३ चा, मुंबईत मास्तर. १८५८ मध्ये या गृहस्थाने नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीवरच जगायचं असा पण केला. त्याचं ब्रीद काय, तर 'प्रेमशौर्य'! म्हणजे मला शुक्रवारी जे सुचलं, ते याने आधीच छापून ठेवलेलं. १८६४ मध्ये त्याने 'दांडियो' हे नियतकालिक काढून भल्याभल्यांची झोप उडवली, विधवेशी लग्न करून जातीची उडवली, गुजराती शब्दकोश एकट्याने रचला. आणि १८८२ मध्ये, चोवीस वर्षांनी, मुंबईतल्या एका धर्मादाय संस्थेत पुन्हा नोकरी धरली.

चोवीस वर्षं! माझी रजा रविवारी संपत होती. घरापाशी बसलेल्या एका आजोबांना मी व्यवहारी प्रश्न विचारला: "पगार नाही, मग इतकी वर्षं भागवलं कसं?"

आजोबा गालात हसले. "देवुं करीने!" कर्ज काढून.

माझा जीव भांड्यात पडला. घराचे हप्ते अजून सोळा वर्षं आहेत, स्कूटरचे तीन. निम्मा नर्मद तर मी बसल्या जागीच झालो होतो. आता फक्त कविता तेवढ्या लिहायच्या राहिल्या.