चौकसाहेब, आडसचा रस्ता कुठे ठेवलात?

मुक्काम पोस्ट किल्ले धारूर

माननीय चौकसाहेब (रस्ते आखायच्या सॉफ्टवेअरमधले) यांस,


केजहून धारूरमार्गे माजलगावला जाणारा ५४८-सी महामार्ग आणि आडसकडून येणारा रस्ता यांची आपण गाठ घालून दिलीत, त्याबद्दल आधी जाहीर आभार. उंचीत तेवढी साठेक मीटरची चुकामूक झाली. आडसचा रस्ता महामार्गाच्या पोटाखालून, पार खोलातून निघून गेलाय. किल्ल्यातून एक भुयार निघतं असं इथं जो तो सांगतो, पण त्याचा नकाशा आपल्याकडे सापडेल असं वाटलं नव्हतं.

ऑफिसातली पोरं म्हणाली, सॉफ्टवेअर गंडलं. मी आपली बाजू घेतली. महामार्गाच्या पातळ्या समुद्रसपाटी धरून काढलेल्या बेंचमार्कवरून आल्या होत्या. आडस रस्त्याच्या जीपीएसच्या, म्हणजे पृथ्वीचा जो गणिती लंबगोल मानलाय त्याच्यापासून मोजलेल्या. आपल्या भागात या दोन शून्यांमध्ये साठ मीटरहून जास्त अंतर आहे आणि जीपीएसचा आकडा कमी येतो. सर्व्हे दोन पार्ट्यांनी केले, दोघांनीही रकान्यात नुसतं ‘आरएल’ (पातळी) लिहिलं, कुठल्या शून्यापासून ते नाही, दोघांचीही बिलं निघाली. आपण काय, दिलं ते जोडलंत.

पातळ्या एका शून्यावर आणल्या आणि भुयार बुजलं. मग उरले सात सेंटिमीटर. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण साठ मीटर शेंबड्या पोरालाही दिसतात, सात सेंटिमीटर दिसत नाहीत. काँक्रीटच्या महामार्गाला मध्यापासून कडेकडे दोन टक्के उतार. लेन साडेतीन मीटरची. म्हणजे कड मध्यापेक्षा बरोबर सात सेंटिमीटर खाली. जोडरस्त्याने आधी ही कड गाठायची आणि तिथून महामार्गाचाच उतार धरून मध्यरेषेपर्यंत चढायचं. आमचा आडसचा रस्ता मध्याची उंची धरून सरळ सपाट आला, त्यामुळे कडेवर पायरी उभी राहिली. आपण ती क्रॉस-सेक्शनमध्ये इमानदारीने दाखवलीत. पोरांनी कमांड पुन्हा चालवली, फाइल बंद करून उघडली, एकाने तर नवा लॅपटॉप मागितला. जोडरस्त्याची प्रोफाइल, म्हणजे चढ-उताराची रेषा, आहे तिथेच ठेवून कॉरिडॉर, म्हणजे रस्त्याचं मॉडेल, शंभरदा रिबिल्ड केला तरी पायरी हलणार कशी? प्रोफाइल कडेला आणून बांधली, कोपऱ्यावरच्या वळणांची दोन्ही टोकं त्या त्या कडेच्या पातळीला नेली, तेव्हा चौक बसला.

साहेब, अशीच पायरी रस्त्यावर काँक्रीटमध्ये ओतली की तिला कुणी एरर म्हणत नाही. तिथे मुरूम टाकतात. तो पावसात वाहून जातो, पुन्हा टाकतात. दुचाकीवर मागे बसलेली बाई एका हाताने पोराला आणि दुसऱ्याने सीट धरते. आपल्यासारखा लाल इशारा तिथे कुणाच्याच पडद्यावर उमटत नाही.

आपली एक खोड मात्र खरी. सेटिंग बदललं नाही तर आपण वाहनं उजव्या बाजूने चालवता. पण हा दोष तरी कसा द्यावा? बाजाराच्या दिवशी आमच्या रस्त्यावर उभं राहूनच आपण हे शिकलात अशी माझी दाट शंका आहे.

कोपऱ्याची त्रिज्याही आपण मोटारीच्या बेताची भरून ठेवलीय. ती तिथून वळणारं वाहन बघून ठरवायची असते, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) चौकांसाठीच्या एसपी-४१ मध्येही आहे. आमच्याकडे सीझनला काय वळतं, ते ऐका. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, त्यात कोयते, भांडी, सरपण, शेळी आणि ऊसतोडीला निघालेली चार-पाच घरं. ट्रॅक्टर सुखरूप वळतो, पहिली ट्रॉली कड खाते आणि दुसरी थेट चहाच्या टपरीत शिरते. आपल्या मॉडेलमध्ये टपरी नसल्यामुळे सगळं अगदी जुळलेलं दिसतं. तरी हे वाहन आणि ती टपरी दोन्ही पोटात घ्यावीत, ही विनंती.



आपला,
एक धारूरकर ड्राफ्ट्समन

ता. क. धारूरच्या घाटाची फाइल मुद्दामच पाठवलेली नाही. घाट रुंद करा, ही इथली जुनी मागणी आहे. तिथली रुंदी आहे तशी दाखवलीत तर मॉडेल चुकलंय म्हणून फाइल परत येईल.